तांबडी की करडी

आमच्या घरात सव्वा महिना दोन गाड्या नांदल्या, आणि दारात एकही नव्हती. एकीला आम्ही तांबडी म्हणायचो, दुसरीला करडी. टेस्ट ड्राइव्हला ज्या रंगाची मिळाली तेच नाव पडलं. घ्यायची कुठलीही असली तरी पांढरीच घ्यायची, हे आधीपासून ठरलेलं होतं. ठरलेलं असं तेवढंच.

दोन्ही लहान, दोन्ही परवडणाऱ्या. किमतीतला फरक इतका किरकोळ की नवऱ्याने तो एकदा मोठ्याने वाचला आणि पुन्हा काढलाच नाही. महागडी गाडी घेणं सोपं असावं, असं मला आता वाटतं. तिथे माणूस हौसेने घेतो आणि हौसेला कोणी कारण विचारत नाही. बेतातल्या गाडीला मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. ते आधी स्वतःला पटवायचं, मग घरच्यांना, आणि मग ज्यांनी विचारलेलंच नसतं त्यांनाही.

म्हणून मी तक्ता केला. वहीचं मधलं पान फाडून त्यावर उभ्या दोन रेघा मारल्या. डावीकडे मुद्दे, मग तांबडी, मग करडी. प्रत्येक मुद्द्याला पाचांपैकी गुण. ॲव्हरेज, डिकी, पिकअप, टर्निंग, मागची सीट, सुरक्षा, असे अठरा मुद्दे झाले. नवरा म्हणाला, "आपण गाडी घेतोय की तिला नोकरीवर ठेवतोय?" मी एकोणिसावा मुद्दा लिहिला, 'सर्व्हिस', आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

पहिलाच मुद्दा ॲव्हरेजचा, आणि तिथेच तक्त्याची अब्रू गेली. छापील आकड्यात तांबडी पुढे होती. पण हा आकडा येतो कुठून, म्हणून मी वाचत बसले. युरोपात २०१७ पासून नव्या मॉडेलना जी चाचणी लागू झाली, तिच्यात गाडी रस्त्यावर जातच नाही. प्रयोगशाळेत गाडी जागेवर ठेवून रोलरांवर चाकं फिरवतात. तीस मिनिटं, सुमारे सव्वातेवीस किलोमीटर, कधी वेग वाढवायचा, कधी थांबायचं हे सेकंदासेकंदाला ठरलेलं. त्याआधीची चाचणी याहून लाडाची होती, वीस मिनिटांत अकरा किलोमीटरची. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला सगळ्यांना सारखा पेपर हवा, हे मान्य. पण त्या रोलरांवर कोणी चष्मा विसरला म्हणून गाडी मागे वळवत नाही. कोणी "इथेच कुठेतरी होतं" म्हणत एकाच गल्लीला तीन फेऱ्याही मारत नाही. आमच्याकडे हे दोन्ही होतं. मी तांबडीला चार आणि करडीला साडेतीन गुण देऊन पुढे गेले.

डिकीने मात्र मला दोन दिवस अडकवून ठेवलं. तांबडीची डिकी पस्तीसएक लिटरने मोठी. आता लिटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाणी येतं. डिकीत कोणी पाणी भरत नाही. ती मोजण्याची एक प्रचलित पद्धत जर्मनीतल्या वाहन उद्योगाच्या संघटनेने घालून दिलेली आहे. वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद आणि पाच जाड असे ठोकळे घ्यायचे. असा एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. ते डिकीत रचत जायचे आणि किती मावले ते मोजायचे. मला हे इतकं आवडलं की कोणीतरी मोठा माणूस पगार घेऊन डिकीत वाकून ठोकळे रचतोय, हे चित्र दिवसभर डोळ्यांपुढे होतं. कोपऱ्यात एक तिरका घालून बघत असेल. वर एक ठेवला की झाकण लागत नसेल, म्हणून जीभ चावून काढत असेल.

पण आमच्याकडे ठोकळे नाहीत. आमच्याकडे एक निळी बॅग आहे, कडक पाठीची, चाकं एकाच बाजूला ओढणारी. शोरूममध्ये आम्ही ती घेऊन गेलो. विक्रीवाल्या मुलाने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, याचं मला कौतुक वाटलं. तांबडीच्या डिकीत बॅग आत गेल्यावर ऐसपैस बसली, पण आत जाईना. तिचं तोंड लहान आणि उंबरा उंच. बॅग कमरेच्या वर उचलायची, वाकडी करायची आणि मग आत सोडायची. करडीची डिकी लहान, पण उंबरा खाली. बॅग नुसती ढकलली की आत. आता याला गुण कसे द्यायचे? लिटरला द्यायचे की कमरेला? मी दोघींना चार-चार दिले. तक्त्यात अशा तडजोडी पुढे पुष्कळ झाल्या.

खरा फरक होता तो इंजिनात. तांबडीला तीन सिलिंडर, करडीला चार. चार सिलिंडरच्या इंजिनात दांडा अर्धा फेरा फिरला की एक ठिणगी पडते. तीनच्या इंजिनात दोन ठिणग्यांमध्ये दोन तृतीयांश फेरा जातो. शिवाय पहिला आणि तिसरा दट्ट्या एकमेकांचा तोल पुरता सावरत नाहीत, म्हणून इंजिन या टोकाकडून त्या टोकाकडे डुलायला बघतं. याच्या बदल्यात एक सिलिंडर कमी म्हणजे घर्षण कमी, वजन कमी, पेट्रोलही थोडं कमी. हे सगळं वाचून कळतं. पण सिग्नलला तांबडी उभी राहिली की स्टिअरिंगवरच्या हाताला जे कळतं ते वेगळंच असतं. पर्समध्ये फोन वाजतोय आणि आपण उचलत नाही आहोत, अशी बारीक थरथर. नवऱ्याला ती जाणवलीच नाही. मला एकदा जाणवली आणि मग दुसरं काही जाणवेना.

बाकी दोघी इतक्या सारख्या का, हेही मला मध्येच शोधावंसं वाटलं. या वाटेला लागलं की माणूस गाडी घ्यायची विसरतो. १९५६ च्या सुएझ संकटानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं, आणि थोडं पिणाऱ्या लहान गाडीची निकड भासली. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने मग इंजिन गाडीच्या लांबीत बसवण्याऐवजी आडवं बसवलं, ताकद पुढच्याच चाकांना दिली आणि चाकंही अवघी दहा इंचांची केली. १९५९ मध्ये बाजारात आलेली ती मिनी जेमतेम तीन मीटरांची होती, तरी चार माणसं आत बसायची. तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली होता. पुढे १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिम्युला या इटालियन गाडीत दान्ते जाकोसांनी तो इंजिनाच्या शेजारी टोकाला नेला. आज बहुतेक लहान गाड्या हीच मांडणी वापरतात, आमच्या दोन्ही त्यातल्याच. तांबडी आणि करडी या सख्ख्या मावसबहिणी आहेत, हे कळल्यावर मला त्यांच्यातून एक निवडणं आणखी जड झालं.

तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्टही १९५९ चाच. व्हॉल्वोच्या निल्स बोलिन यांनी तो तयार केला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांना वापरायला खुलं ठेवलं. एकाच वर्षात कोणीतरी गाडी लहान केली आणि कोणीतरी तिच्यातल्या माणसाला बांधून ठेवण्याची सोय केली, याची मला उगाचच गंमत वाटते.

सुरक्षेच्या रकान्यात मात्र गंमत नको होती. टक्कर चाचणीचे तारे मी आधी नुसते मोजले. मग दिसलं की ते कुठल्या वर्षीचे आहेत हे बारीक अक्षरात असतं. १९९७ मध्ये युरो एनकॅपने, म्हणजे युरोपात या चाचण्या घेणाऱ्या संस्थेने, पहिले निकाल जाहीर केले, तेव्हापासून परीक्षा दर काही वर्षांनी कडक होत आलेली आहे. जुने चार तारे आणि नवे चार तारे ही एकच गोष्ट नव्हे. करडीची परीक्षा अलीकडची होती. तिला अर्धा गुण जास्त दिला, आणि या एका ओळीत नंतर खाडाखोड केली नाही.

मुलाचा मुद्दा एकच, स्क्रीन. तांबडीची स्क्रीन मोठी आणि एसीसुद्धा तिच्यातूनच चालवायचा. करडीला गोल बटणं, फिरवली की कट् कट् आवाज करणारी. मुलाच्या मते करडी म्हातारी आहे. मी त्याला सांगितलं की बटण न बघता सापडतं, स्क्रीनकडे बघावं लागतं. तो म्हणाला, "मग मी बघेन ना. मी शेजारीच बसणार आहे." याला उत्तर नव्हतं. स्क्रीनला पाच गुण.

आईला शेवटी नेलं. माझी आई गाडीत बसून बघत नाही, उतरून बघते. "बसायला काय, कुठेही बसता येतं," ती म्हणाली. तांबडीच्या मागच्या सीटवर ती बसली, दार लावून घेतलं, हात मांडीवर ठेवून जरा वेळ गंभीरपणे समोर बघितलं, मग दार उघडून एक पाय बाहेर काढला आणि तशीच थांबली. सीट खाली होती. गुडघा वर आणि जमीन लांब. एका हाताने दाराची वरची कड धरून, दुसऱ्याने पुढच्या सीटची पाठ रेटून ती उठली, आणि त्या उठण्यात तिच्या तोंडून जो बारीक हुंकार निघाला तो मला घरी ऐकू येत नाही. घरी बहुधा ती दाबते. करडीत सीट दोनेक इंच वर होती. तिथून ती नुसती बाजूला वळली आणि उभी राहिली. "चांगली आहे," म्हणाली. मग तिला वाटलं असावं की आपण फार बोललो, कारण तिने लगेच जोडलं, "तीही चांगलीच होती."

त्या रात्री बेरीज केली. तांबडी एकाहत्तर, करडी साडेसत्तर.

अर्ध्या गुणाने तांबडी. नवऱ्याने "चला, सुटलो" म्हणून पानाची घडी घातली, आणि मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. नाणं उडवल्यावर जे होतं तेच. छापा पडला की कळतं, आपल्याला काटा हवा होता. मी पान पुन्हा उघडलं. करडीवर कुठे अन्याय झालाय का, ते बघायला लागले. पिकअपला तीन कमी नाहीत का? स्क्रीनचे पाच जरा जास्तच नाहीत का? एखाद्या परीक्षकाने आपल्या भाचीचा पेपर फेरतपासणीला घ्यावा, तसं चाललं होतं. पण खरंच सांगते, मी आकडे बदलले नाहीत. बदलले असते तर मला दुसऱ्या दिवशी नवऱ्याकडे बघता आलं नसतं. मी फक्त म्हटलं, उद्या दोन्ही पुन्हा एकदा चालवते.

दुसऱ्या खेपेला विक्रीवाल्या मुलालाही आमची सवय झाली होती. मी आधी तांबडी काढली. माझी उंची बेताची. सीट पुढे, वर, आणखी वर, असं करून बसले तरी समोर काचेनंतर रस्ताच दिसतो. तिचं बोनेट काचेपासून असं काही घसरत खाली जातं की ती पुढे कुठे संपते ते दिसतच नाही. वळवताना मी दर खेपेला हातभर आधीच ब्रेक लावत होते. मग करडीत बसले. सीट वर घेतली आणि काचेपलीकडे बोनेटच्या दोन्ही कडा दिसल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. गाडी इथे सुरू होते, तिथे संपते. पार्किंगमधला खांब आणि तिची कड यांच्यात एक वीत उरली होती आणि ती वीत मला आतून दिसत होती.

हा मुद्दा माझ्या तक्त्यात नव्हता. एकोणीस ओळींपैकी एकाही ओळीत नव्हता.

करडी घेतली, पांढऱ्या रंगात. कारणं मी माणूस बघून दिली. दिरांना सांगितलं की चार सिलिंडरचं इंजिन. मैत्रिणीला सांगितलं तारे. आईला सांगितलं, तुझ्या गुडघ्यासाठी, तर ती रागावली, माझ्यासाठी कशाला म्हणून. मुलाला काहीच सांगितलं नाही; तो अजून शेजारी बसून गोल बटण कट् कट् फिरवतो आणि सुस्कारे सोडतो. नवऱ्याला मात्र खरं सांगितलं. तो जरा थांबून म्हणाला, "मग महिनाभर गुण कशाला देत होतो?" आणि चावी घेऊन गेला.

गाडी चांगली आहे. तिला घेतल्यापासून रस्त्यावर तांबडीच जास्त दिसते. ती आधीही असणारच, पण आता शेजारून गेली की मी तिच्या डिकीकडे बघते.

एक खोड आहे. साठच्या वर वेग गेला की डॅशबोर्डमधल्या खणाचं झाकण कुरकुरतं. टेस्ट ड्राइव्हला कधी कुरकुरलं नाही, बहुधा तेव्हा आम्हीच फार बोलत होतो. सर्व्हिसला दाखवलं तर तिथे ते गप्प बसतं. शेवटी मागच्या रविवारी मी खण उघडला, गाडीच्या कागदांमध्ये वहीचं ते पान सापडलं, त्याची आठ घड्यांची जाडसर पट्टी केली आणि झाकणाच्या फटीत दाबून बसवली. एकाहत्तर आणि साडेसत्तर आत गेले, बाहेर तांबडीच्या ॲव्हरेजचे चार गुण तेवढे दिसतात. कुरकुर बंद आहे.