एका राउटरमुळे अर्धी बिल्डिंग ऑफलाइन गेली तो दिवस

मी अपार्टमेंटच्या शेअर्ड इंटरनेटची कामं करतो. म्हणजे बिल्डिंगला एकच मोठी लाइन, खाली स्विच (एक लाइन सगळ्या फ्लॅटना वाटणारा डबा), प्रत्येक फ्लॅटच्या भिंतीत एक लॅन पॉइंट (नेटच्या वायरचं सॉकेट) आणि मजल्यामजल्यावर वायफाय. त्या दिवशी दुपारपासून एकाच बिल्डिंगमधून फोनवर फोन यायला लागले आणि तक्रार पण विचित्र, नेट पूर्ण गेलंय असं कोणीच म्हणेना, कोणाचं चालू कोणाचं बंद, एकाच घरात टीव्ही चालतोय आणि मोबाइल नाही. एक काकू म्हणाल्या, "सकाळी चालू होतं रे, बाहेर जाऊन आले तेव्हापासून लागत नाहीये." हे वाक्य डोक्यात राहिलं.

लाइन चेक केली, ठणठणीत. मेन राउटरही व्यवस्थित. मग ज्यांचं बंद होतं त्यांच्यापैकी एकांचा लॅपटॉप मागून घेतला आणि बघितलं तर गेटवे (ज्या राउटरमधून नेटवर बाहेर जायचं त्याचा ॲड्रेस) दिसतोय १९२.१६८.०.१. आता आमचे सगळे ॲड्रेस १० ने सुरू होतात, म्हणजे हा आमच्याकडून गेलेलाच नाही. तिथेच कळलं की कोणीतरी घरचा राउटर चुकीच्या सॉकेटमध्ये लावलाय.

काय होतं की कुठलंही डिव्हाइस नेटवर्कवर आलं की ते आधी ओरडून विचारतं, मला ॲड्रेस कोण देतंय? आणि बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचाच घेतं. याला डीएचसीपी म्हणतात. घरगुती राउटरमध्ये ते कंपनीतूनच चालू असतं. भिंतीतली वायर त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरून नेट आत येतं ते सॉकेट) लावली तर तो स्वतःच्या घरापुरताच ॲड्रेस वाटतो, पण तीच वायर लॅन पोर्टला (घरातली डिव्हाइस जोडायचं सॉकेट) लावली की तो सगळ्या बिल्डिंगला वाटायला लागतो, आणि त्याच्या वॅनला तर काहीच जोडलेलं नाही, मग त्याच्याकडे गेलेला माणूस अडकलाच. ज्यांच्याकडे आमचा जुना ॲड्रेस होता त्यांचं चालू राहिलं, जे बाहेर जाऊन परत जोडले गेले ते फसले. काकूंचं कोडं सुटलं.

लॅपटॉपवरूनच त्या गेटवेचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) काढला, खाली जाऊन स्विचच्या टेबलमध्ये शोधला, पोर्ट मिळाला, पोर्टवरून फ्लॅट. दार आईंनी उघडलं. आत टीव्हीसमोर जमिनीवर चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, शेजारी प्लेस्टेशन ४ हा गेमचा कन्सोल आणि पलीकडे भिंतीजवळ एक राउटर, त्याच्या चार पिवळ्या (लॅन) सॉकेटपैकी एकात भिंतीतली वायर आणि निळं (वॅन) सॉकेट रिकामं. मी म्हटलं वायर काढ आधी. काढली, आणि मी का आलोय ते सांगितलं तर त्याचा चेहरा एकदम उतरला. "दादा, माझ्यामुळे गेलं का सगळ्यांचं?"

मला त्याच्यावर रागावता येईना, कारण त्याने सगळं सरळ मार्गाने करून बघितलं होतं. आमच्या वायफायला जोडलं की लॉगिनचं पान येतं, फोन-लॅपटॉपवर ते आपोआप उघडतं, याच्या कन्सोलवर काही केल्या उघडेना. म्हणून अशा डिव्हाइसचा मॅक ॲड्रेस ऑफिसात नोंदवायचा असतो, तो लॉगिनशिवाय आत सोडला जातो. त्याने ते केलं होतं! वहीत कागद जपून ठेवलेला, बारा अक्षरांचा नंबर, दोन-दोनच्या जोड्या, सुंदर अक्षरात. तरी चालेना. शेवटी मामाच्या घरचा जुना राउटर आणला, म्हटलं यातून वायफाय घेऊन बघू.

मी कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं आणि कागद शेजारी धरला. तिथे दोन मॅक ॲड्रेस असतात, एक लॅन केबलचा, एक वायफायचा. कागदावरचा नंबर केबलचा होता आणि तो जोडत होता वायफायने. बस, एवढंच. दोन्ही वेगळी कार्डं, आमच्या सिस्टिमच्या दृष्टीने दोन वेगळी डिव्हाइस. म्हणजे भिंतीतली वायर राउटरमध्ये न घालता थेट कन्सोलच्या पाठीत घातली असती तर पहिल्याच दिवशी चाललं असतं, पण ती वायर टीव्हीपर्यंत पोचत नव्हती आणि त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. फॉर्मवर नुसतं 'मॅक ॲड्रेस' असा एक रकाना. पोराची काय चूक सांगा.

गाडीतून लांब पॅचकॉर्ड आणली (नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंत आरामात चालते, त्यामुळे लांबीची भीती नको), कडेकडेने ओढली, लावली. टेस्ट इंटरनेट कनेक्शन दाबलं. आयपी मिळाला, इंटरनेट सक्सेसफुल, मग खाली नॅट टाइप २ (कन्सोल बाहेरच्या नेटला किती मोकळेपणाने जोडला गेलाय ते सांगणारा नंबर).

"दादा, टाइप १ नाही करता येणार?" त्याला कुठेतरी कळलं होतं की १ आला की गेम भारी चालतो. म्हटलं बाळा, १ म्हणजे मध्ये राउटरच नाही, थेट नेटवर. राउटरमागे असलेल्याला बहुतेक वेळा २ येतो आणि २ चांगला आहे. ३ आला की त्रास, मित्राचा आवाज येत नाही, पार्टी जुळत नाही. आणि तो राउटर नीट निळ्या सॉकेटने लावला असता तरी एकामागे एक दोन राउटर झाले असते, त्यात ३ येण्याची शक्यता वाढते. तोपर्यंत त्याने हेडसेट घातला होता आणि पलीकडून मित्र ओरडत होता की अरे आलास का शेवटी.

खाली येऊन मी पहिलं काम केलं ते स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करायचं, म्हणजे ॲड्रेस वाटायची परवानगी फक्त मेन राउटरकडच्या पोर्टला, फ्लॅटमधून कोणी काहीही लावलं तरी त्याचं उत्तर तिथेच अडतं. हे आधीपासून चालू असायला हवं होतं, ते माझं काम होतं आणि राहून गेलं होतं. ज्यांची नेटं गेली त्यांना वायफाय बंद-चालू करायला सांगितलं, संध्याकाळपर्यंत सगळे परत आले.

मॅनेजर विचारत होते कोणाच्या फ्लॅटमुळे झालं, नोटीस काढू. मी सांगितलं नोटीस नको, फॉर्म बदला, दोन रकाने करा, एक केबलचा नंबर, एक वायफायचा, आणि खाली लिहा की दोन्ही कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये कुठे सापडतात. त्यांनी तिथल्या तिथे पेनने रेघ मारून दुसरा रकाना काढला.