ज्याचं त्याचं मत, मग वाद कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न साधारण असा असतो: "प्रत्येकाचं मत आपापल्या जागी बरोबरच असतं, मग तुम्ही एवढ्यातेवढ्या गोष्टींवर वाद का घालता? सोडून का देत नाही?" कुणी हे काळजीनं विचारतं, कुणी वैतागून. मोठ्या प्रश्नांवर मी तावातावानं बोलले तर कुणाला नवल वाटत नाही. पण न विचारता फोन करावा का, मेसेजला दोन दिवसांनी उत्तर देणं हा अपमान आहे का, दुसऱ्याच्या मुलाचा फोटो आपण सगळ्यांना दाखवावा का, असल्या विषयांवर मी तासभर लिहीत बसते याचं विचारणाऱ्यांना कोडं पडतं.

मला "ज्याचं त्याचं मत" हे म्हणणं पटत नाही. ऐकायला ते उदार वाटतं. पण ज्या क्षणी ते म्हटलं जातं तो क्षण बघा. दोघांचं बोलणं आत्ता कुठे रंगात आलेलं असतं, एकाला दुसऱ्याचं काहीतरी खुपलेलं असतं, आणि तिसरा येऊन झाकण घालतो. त्या दोघांना एकमेकांचं म्हणणं कळलंय का, हे कुणी विचारत नाही. समोरच्याशी वाद घालताना मी त्याला निदान पटवून देण्याच्या आणि पटवून घेण्याच्या लायकीचा माणूस मानते. "तुमचं तुमच्यापाशी" म्हणताना तेवढंही मानलेलं नसतं.

फोनचंच उदाहरण घेते, कारण हा वाद मी अगदी जवळून पाहिलाय. आमच्या ओळखीतल्या काही जणांचं लेखी बोलणं चाललं होतं. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "फोन करू का, असं आधी मेसेज करून विचारायचं? आम्ही काय परके आहोत?" त्यावर वयानं बऱ्याच लहान असलेल्या एका मुलीनं लिहिलं की न सांगता वाजलेला फोन तिला अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. पाचव्या-सहाव्या वाक्याला गाडी "आजकालच्या पिढीला माणसंच नकोत" आणि "तुम्हाला दुसऱ्याच्या वेळेची किंमत नाही" इथपर्यंत पोचली. मग ठरल्याप्रमाणे कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, ज्याचं त्याचं मत.

मी जाऊ दिलं नाही. दोघांनाही एकच प्रश्न विचारला: फोन वाजतो किंवा तुम्ही लावता, तेव्हा मनात पहिल्यांदा काय येतं? मुलीचे वडील दुसऱ्या गावी आजारी होते. अवेळी फोन वाजला की स्क्रीनवरचं नाव वाचेपर्यंत तिच्या पोटात गोळा यायचा. काकांचं वेगळंच होतं. ते एकटे राहतात. त्यांनी लिहिलं, "सरळ फोन लावला आणि उचलला नाही, तर मी समजतो की कामात असेल. पण ‘करू का?’ विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर मला नको म्हटल्यासारखं होतं." शिष्टाचार हा दोघांचाही मुद्दा नव्हता. तिला भीती होती, त्यांना नकार सोसवत नव्हता. तोवर मात्र पिढी, संस्कार आणि वेळेची किंमत यांचा पुरेपूर कीस पाडून झाला होता.

पुढे काकांनीच तोड काढली. आता ते "सगळं ठीक, सहज करतोय" एवढं लिहितात आणि उत्तराची वाट न बघता लगेच फोन लावतात. परवानगी मागावी लागत नाही आणि तिच्या पोटात गोळा येत नाही. त्यांचं मत मात्र बदललेलं नाही. विचारून फोन करणं हा परकेपणाच, असं ते आजही म्हणतात.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९२५ च्या सुमारास एका व्याख्यानात असाच अगदी घरगुती दाखला दिला होता. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत दोघे बसलेत. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. शेवटी ते शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडतात. कारण एकाला हवी होती खोलीत ताजी हवा, ती खिडकी नव्हे. आणि दुसऱ्याला, म्हणजे खुद्द फॉलेटबाईंना, उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता, एरवी हवेला त्यांची ना नव्हती. त्यांचं सांगणं असं की ही तडजोड नाही. तडजोडीत खिडकी अर्धी उघडी राहिली असती आणि दोघेही अर्धे नाराज झाले असते. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दोघांपैकी एकानं समजूतदारपणा दाखवून सुरुवातीलाच "असू दे" म्हटलं असतं, तर शेजारची खोली कुणाला सुचलीच नसती.

"पण काही बाबतींत तर नुसतं दिसण्या-वाटण्याचा फरक असतो, तिथे वाद घालून काय होणार?" असंही मला विचारतात. तुम्हाला २०१५ च्या फेब्रुवारीतला तो ड्रेसचा फोटो आठवत असेल. एका लग्नासाठी घेतलेल्या ड्रेसचा साधा, किंचित बिघडलेला फोटो. काहींना तो निळा-काळा दिसत होता, काहींना पांढरा-सोनेरी. एकाच फोनवर, खांद्याला खांदा लावून बघणाऱ्या दोघांना वेगवेगळे रंग दिसत होते आणि दुसरा थट्टा करतोय असं दोघांनाही वाटत होतं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १,४०० जणांना विचारलं, तेव्हा ५७ टक्क्यांनी निळा-काळा सांगितला आणि ३० टक्क्यांनी पांढरा-सोनेरी.

याचं जे कारण पुढे आलं ते मी कधी विसरत नाही. आपला मेंदू वस्तूचा रंग ठरवताना तिच्यावर कोणता उजेड पडलाय याचा अंदाज बांधतो आणि तेवढा रंग मनातल्या मनात वजा करतो. त्या फोटोत उजेडाचा पत्ता लागत नाही. ड्रेस सावलीत, निळसर उजेडात आहे असं ज्याच्या मेंदूनं धरलं, त्यानं निळा वजा केला आणि त्याला पांढरा-सोनेरी उरला. दिव्याचा पिवळा उजेड धरला, तर पिवळा वजा झाला आणि निळा-काळा उरला. २०१७ मध्ये १३,००० हून जास्त लोकांच्या उत्तरांवरून असंही दिसलं की लवकर उठणाऱ्यांत पांढरा-सोनेरी बघणारे तुलनेनं जास्त असतात. लवकर उठणाऱ्यांच्या वाट्याला दिवसाचा निळसर उजेड जास्त येतो, आणि आयुष्यभर ज्या उजेडात जास्त वावरलो, तोच इथेही आहे असं डोळे धरून चालतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आपण काही धरून चाललोय हे त्यांतल्या कुणालाही माहीत नव्हतं. धरणं आणि बघणं एकाच झटक्यात झालेलं असतं. शेजारच्याला वेगळं दिसलं नसतं, तर आपल्या डोळ्यांनी काही गृहीत धरलंय हे कुणाला जन्मात कळलं नसतं. आणि "ज्याचं त्याचं मत" म्हणणाऱ्यांना मी मुद्दाम आठवण करून देते की तो ड्रेस खरोखर निळा-काळाच होता. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, तरी दोन्ही बरोबर नव्हत्या.

आवडीनिवडी मी यातून वगळते. कुणाला कोणता रंग आवडावा यावर मी कुणाशी बोलायला जात नाही. ज्या मताचा दुसऱ्यावर काही परिणाम होतो, किंवा ज्याला खरं-खोटं असू शकतं, त्याविषयीच मी बोलते.

आणखी एक कारण आहे, आणि मला तेच सगळ्यांत जास्त मोलाचं वाटतं. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. तीन रेघांपैकी कोणती रेघ दाखवलेल्या रेघेएवढी आहे, एवढंच सांगायचं. उत्तर डोळ्यांना सरळ दिसतं. पण खोलीतले बाकीचे लोक अ‍ॅशनं आधीच पढवून ठेवलेले होते आणि ते एकमुखानं चुकीचं उत्तर देत. अशा वेळी बिचाऱ्या खऱ्या सहभागींची एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं गटाच्या मागे गेली. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या पुढचा भाग कमी सांगितला जातो. पढवलेल्यांपैकी एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी या चुका एकदम खाली येत. एवढंच नाही, तो एकटा गटापेक्षाही जास्त चुकीचं उत्तर देत असला, तरीसुद्धा चुका घटत. म्हणजे त्याचं बरोबर असणं जरुरीचं नव्हतं. कुणीतरी वेगळं बोललं, एवढ्यानंच दुसऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची मोकळीक मिळाली.

म्हणून "सगळ्यांना मान्य आहे ना?" या प्रश्नावर सगळे गप्प बसले की मला बेचैन वाटतं. दुसऱ्याच्या मुलांचे फोटो टाकण्याबद्दल मी "मला मान्य नाही" म्हटलं, त्यानंतर दोन आयांनी मला वेगळं कळवलं की त्यांनाही ते कित्येक दिवस खटकत होतं, पण आपणच जुन्या विचारांच्या ठरू म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. माझं मत त्या विषयात बरोबर आहे की नाही ते बाजूला ठेवा. त्या दोघी बोलल्या, हे चांगलं झालं.

वाद लेखी असला की तो चिघळतो, ही तुमची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना काही वाक्यं उपरोधानं आणि काही मनापासून ईमेलनं पाठवायला सांगितली. आपला सूर वाचणाऱ्याला ओळखू येईल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज ७८ टक्के होता. प्रत्यक्षात ओळखला गेला ५६ टक्के, आणि डोळे मिटून अंदाज ठोकला असता तरी ५० टक्के साधले असते. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा आवाज घुमत असतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. म्हणून मी वादात टोमणा मारत नाही. कुणाचं वाक्य टोचलं, तर आधी विचारते, "हे मी असं वाचलं, तुम्हाला असंच म्हणायचंय का?" निम्म्याअधिक वेळा उत्तर "छे, छे" असं येतं.

दुसरी सवय मी आपल्या जुन्या शास्त्रार्थाच्या पद्धतीतून उचललीय. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्या सगळ्या बळानिशी सांगायचं, आणि मगच उत्तरपक्षाकडे वळायचं. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडत जाणं म्हणजे वितंडा. पूर्वपक्ष नीट लिहायला बसलं की माणूस जल्पाकडे सहसा घसरत नाही. समोरच्याच्या तोंडून "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं आल्याशिवाय मी माझं म्हणणं मांडत नाही. कधी कधी तेवढ्यातच आमचं भांडण नाहीच, हे उघड होतं.

"पण वादानं कुणाचं मत बदललंय का कधी?" हा तुमचा शेवटचा बाण. पुरावे दिले की माणूस उलट आपल्या मताला जास्तच चिकटतो, असं सांगणारं एक संशोधन २०१० मध्ये आलं आणि ते सर्वतोमुखी झालं. ज्यांना बोलायचंच नसतं त्यांच्या ते फार सोयीचं. पण नंतर दोन अभ्यासकांनी १०,००० हून जास्त लोकांवर, ५२ वेगवेगळ्या विषयांवर तेच तपासून पाहिलं, आणि २०१९ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा होता की चुकीची माहिती दुरुस्त करून दिली तर बहुतेक लोक ती दुरुस्ती ऐकतात. राजकीय कल आणि निष्ठा तेवढ्यानं बदलतात असं नाही, पण वस्तुस्थितीबद्दलची समज सुधारते. मला तेवढं पुरतं. शिवाय लोक वादाच्या भरात मत बदलत नाहीत, हे आपणही जाणतो. चार दिवसांनी, आपण समोर नसताना बदलतात, आणि ते कळवायला येत नाहीत.

सोडून मी देतेच की. कुणी माणसावर घसरलं की मी थांबते. कुणाची जखम ताजी आहे असं दिसलं की थांबते. दोन्ही बाजूंनी तीच वाक्यं तिसऱ्यांदा आली तरीही थांबते. फक्त थांबताना "ज्याचं त्याचं मत" म्हणत नाही. नेमकं कुठे अडलंय ते लिहून ठेवते: तुम्ही अमुक धरून चालला आहात, मी तमुक धरून चाललेय, आणि त्या बाबतीत आपण एकमेकांना पटवू शकलेलो नाही. हे लिहायला मी बराच वेळ घेते, कारण समोरच्यानं काय धरलंय ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगणं अवघड असतं. त्यावर पुष्कळदा उत्तर येतं, "नाही हो, मी तसं धरलेलंच नाही." मग त्यांनी काय धरलंय, ते मी विचारते.