खडे वेचण्याची संध्याकाळ

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण लिहून द्या, असा बाईंचा निरोप आला. माझी आठवण आमच्या वर्गातल्या एका मुलाची आहे. त्याच्याशी माझं लग्न झालं हे माथेरानमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. ते कसं जमलं, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझे वडील मिनी ट्रेनवर कामाला, त्याचे वडील घोडेवाले. आपल्याकडे मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. तेव्हा तिथून पुढे माणसं, भाजी, गॅसचं सिलिंडर सगळं घोड्यावर नाहीतर हातरिक्षातून जायचं. गाव घोड्यांवर जगतं, आणि तरी त्याच्या सदऱ्याला लिदीचा वास येतो म्हणून वर्गात मुलं नाक मुरडायची. पहाटे उठून घोडीची चंदी म्हणजे दाणा, खरारा म्हणजे अंग घासणं उरकून तो शाळेत यायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, बोलायची हिंमत नव्हती.

नववीत होतो. दुसऱ्या दिवशी ऑलिंपियाच्या मैदानावर शर्यती होत्या. संध्याकाळी तो एकटाच मैदानात फिरत होता, वळणापाशी सारखा वाकत होता. ‘काही हरवलंय का?’ मी विचारलं.

‘खडे वेचतोय. घोडा भरधाव असताना टापेखाली खडा आला की तळवा दुखावतो. वळणावर पायांवर जास्त जोर येतो, तिथे तर एकही राहायला नको.’

मीही वेचायला लागले. त्याची घोडी एकच, पण तो खडे सगळ्या मैदानातले वेचत होता. सगळ्यांचेच घोडे धावणार ना, म्हणाला. अंधार पडेपर्यंत माझी ओढणी लाल मातीनं भरली, घरी त्यावरून बोलणीही बसली.

शर्यतीत त्याची कुमेत, म्हणजे काळसर तांबडी, घोडी दुसरी आली. रिकिबी आखूड बांधून, पाठीवरून अंग उचलून तो तिच्या मानेवर झुकला होता. ते अजून डोळ्यांसमोर आहे. पण माझं मन बसलं ते नंतर. लोक पहिल्या घोड्याभोवती जमले. यानं उतरून खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, सैल केला आणि तिचा श्वास खाली बसेपर्यंत तिला चालवत राहिला. बादली माझ्या हातात दिली. दोन-चार घोट पाजायचे, पुन्हा फिरवायचं. बक्षिसं वाटली तेव्हा तो तिथे नव्हताच. त्या बादलीपाशी माझं ठरलं.

2005 च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली. जुलैच्या त्या पावसात रुळांखालची माती वाहून गेली, गाडी बंद पडली आणि आम्ही डोंगराखाली नेरळला राहायला गेलो. गाडी पुन्हा सुरू झाली 2007 मध्ये. आमचं मात्र पावसानं भलं केलं. पावसाळ्यात डोंगरावर पर्यटक कमी असतात, बरेच घोडे खाली नेरळला येतात. त्यांच्याबरोबर तोही यायचा. चार महिने रोज दिसायचा. मी कर्जतला कॉलेजात जायची, तो स्टेशनपर्यंत सोबत चालायचा.

घरून विरोध झाला, बराच. बाबा वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग एकदा तबेल्यात आले, आजारी शिंगराजवळ याला रात्रभर बसलेला बघितलं, आणि लग्नाची तारीख त्यांनीच काढली.

आमची मुलगी आता आपल्याच शाळेत सातवीत आहे. तिला ऑलिंपियावर घोडा पळवायचाय. तिच्या वडिलांनी अट घातली आहे: आधी अख्खा हंगाम रोज पहाटे खरारा करायचा, मगच खोगिरावर बसायचं. दिवाळीपासून ती नेमानं उठते आहे.