आरसी, पिवळं पुस्तक आणि लुधियानाचा माल

थंडी सुरू झाली की बेळगावात तिबेटी स्वेटरवाल्यांचे गाळे लागतात. कर्नाटकातल्या त्यांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक मुंडगोडला आहे, हुबळीच्या पलीकडे, उत्तर कन्नडात. १९६६ साली वसलेली. जमीन पट्ट्याची, भात-मका पावसाच्या भरवशावर. तेवढ्यावर घर भागत नाही. मग सुगी आटोपली की लुधियानाहून उधारीवर माल उचलायचा, परगावी विकायचा, हिशेब चुकता करायचा. थंडीच पडली नाही तर माल अंगावर येतो.

हे लोक परत जाणार की इथंच राहणार, असं आपण विचारतो. तिथल्या अनेक घरांनी दोन्ही दारं उघडी ठेवलेली असतात: म्हातारी माणसं वसाहतीत, मधली गाळ्यावर, एखादा मुलगा कॅनडात किंवा फ्रान्सला. कोण कुठं जाणार, ते बरंचसं कागद ठरवतो. शिनोळीला महाराष्ट्राची हद्द ओलांडताना आपल्याला कोण काय विचारतं? म्हणून हे चटकन ध्यानात येत नाही.

भारतात राहायला आरसी, म्हणजे पोलिसांकडची नोंदणी. मुदत संपायच्या आत नूतनीकरण करावं लागतं. परदेशी जायला आयसी, पिवळ्या कव्हरचं पुस्तक, दिल्लीच्या पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं. तो पासपोर्ट नव्हे, त्यामुळे विमानतळावर काउंटरवरचा माणूस ते उलटंपालटं करून बघत बसतो. त्याआधीच घोळ होतो तो नावाचा. तिबेटी माणसाला बहुधा आडनाव नसतं, आणि 'तेन्झिन' तर घरोघरी. वडीलधाऱ्यांची जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली. आरसीवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं, की अर्ज अडकलाच. आधी आरसी दुरुस्त करून घ्यावी, आयसीचा अर्ज मग.

खरी मेख जन्मतारखेत आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला कायद्याने भारतीय नागरिक. म्हणजे १९८६ चा भाऊ नागरिक आणि, आईबाप दोघंही निर्वासित असतील तर, १९८८ ची बहीण परकी. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशांना पासपोर्ट द्या म्हटलं. २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अट घातली: आरसी-आयसी परत करा, वसाहतीतलं राहणं आणि सवलती सोडा. त्यामुळे हक्क असूनही काही जण पासपोर्टाच्या वाटेला गेले नाहीत. गेले असते, तर वसाहतीतलं घर आणि पट्ट्याची जमीन बघायची कुणी?