तुम्ही विचारलंत म्हणून: मार खाऊनही शिट्टी का सोडली नाही?

गणपतीत मंडळात भेटलं की कुणीतरी विचारतंच, "अहो, त्या माणसानं तुमचा दात पाडला ना? तरी रविवारी परत शिट्टी घेऊन जाता? सत्तर डॉलरसाठी?"

दात पडला नव्हता, टवका उडाला होता. बाकी प्रश्न रास्त आहे.

2018 चा सप्टेंबर. डेट्रॉइटजवळ तिशीवरच्यांची हौशी फुटबॉल मॅच, रेफरी मी. एक पिवळं कार्ड खाल्लेला डिफेंडर मागून पायात घुसला. मी शिट्टी वाजवली, हात खिशाकडे नेला आणि कार्ड निघायच्या आत त्याची मूठ आली. शिट्टी अजून तोंडातच होती. ती दातावर आपटून 'कट्' असा आवाज झाला, तो अजून कानात आहे. मूठ कशी लागली ते मात्र काही केल्या आठवत नाही. मॅच मी तिथंच संपवली, तो अधिकार रेफरीला असतो. समोरच्या टीमच्या गोलकीपरनं कूलरमधला बर्फ टॉवेलात गुंडाळून आणून दिला. टॉवेलाला बिअरचा वास येत होता.

बायकोला फोनवर "जरा लागलंय" एवढंच म्हणालो, तर पलीकडे एकदम शांतता. कारण लिव्होनिया हे उपनगर आमच्यापासून लांब नाही. तिथल्या मैदानावर 29 जून 2014 ला एका खेळाडूला बाहेर काढायला निघालेल्या 44 वर्षांच्या रेफरीच्या मानेवर त्याच खेळाडूनं ठोसा मारला, आणि दोन दिवसांनी तो रेफरी गेला. आठवडाभर मुलांच्या हॉस्पिटलात डायलिसिसचं काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी घ्यायची, असा माणूस. मारणाऱ्याला 8 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. इथल्या प्रत्येक रेफरीच्या घरी ही गोष्ट माहीत आहे.

पण माझ्यावर हात उचलला गेला तो काही पहिल्यांदा नव्हे. त्याच्या काही वर्षं आधी, कुठल्याच संघटनेशी न जोडलेल्या एका उन्हाळी स्पर्धेत एकानं मला कॉलर धरून ढकललं होतं. आयोजक म्हणाले, "जाऊ दे हो, गरम डोक्याचा आहे, मनानं वाईट नाही." पुढच्या शनिवारी तो खेळत होता. मला लागलं काहीच नव्हतं, तरी तेव्हा मी वर्षभर शिट्टीला हात लावला नाही. आणि दात तुटल्यावर तीन आठवड्यांत मैदानावर होतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन प्रसंगांच्या मधे कुठंतरी आहे.

दाताच्या वेळी लीग अमेरिकेच्या फुटबॉल (सॉकर) फेडरेशनशी संलग्न होती. तेव्हाच्या नियमानुसार रेफरीवर हात टाकला की निलंबन त्याच क्षणापासून. नुसता हात लावला तरी किमान तीन महिने, प्रौढानं मारलं तर सहा महिने, गंभीर इजा केली तर पाच वर्षं. सुनावणी घेणाऱ्यांना मुदत वाढवता यायची, कमी करता यायची नाही. ओळखीपाळखीच्या लीगमध्ये ही शेवटची अट फार मोलाची, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तरी नियमानं मला परत आणलं असं म्हणणार नाही. अर्ध्या तासात लीगच्या शिस्त समितीतला एक निवृत्त रेफरी क्लिनिकच्या दारात उभा होता. म्हणाला, पोलिसांत जायचं की नाही ते तू ठरव, जाणार असशील तर मी सोबत येतो. रिपोर्ट मात्र आजच लिहायचा. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यानं तो माझ्याकडून लिहून घेतला. "तो माझ्या अंगावर धावून आला" हे त्यानं खोडलं. कुठला हात, मूठ की पंजा, कुठं लागला, तेव्हा चेंडू कुठं होता, एवढंच ठेव म्हणाला. माझ्या डोक्यात त्या खेळाडूबद्दल जे अस्सल कोल्हापुरी शब्द येत होते, त्यांतला एकही त्या कागदावर नाही. पुढं सुनावणीत त्या टीमचा कॅप्टन म्हणाला, "रेफरी आधी उद्धट बोलले." तेव्हा तो कोरडा कागदच उपयोगी पडला. समितीनं वर्षभराचं निलंबन दिलं. आणि अर्धवट राहिलेल्या मॅचचे सत्तर डॉलर न मागता घरी आले. चेक बघून मला का कोण जाणे, रडू आलं.

2012 च्या डिसेंबरात नेदरलँड्समध्ये, आल्मेरे शहरात, मुलाच्या मॅचला लाइन्समनचा झेंडा धरून उभा राहिलेला 41 वर्षांचा बाप मारहाणीत गेला. तिथल्या संघटनेनं पुढच्या शनिवार-रविवारी देशभरातलं सगळं हौशी फुटबॉल बंद ठेवलं. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. आता नाही वाटत.

खरं सांगायचं तर कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार मीही केलाय, घसा बसेपर्यंत. आमच्या पेठेच्या टीमविरुद्ध पेनल्टी दिली की तो पंच आंधळाच. मॅच संपल्यावर तो घरी कसा जात असेल, वाटेत त्याच्यासोबत कुणी असतं का, हे चुकूनही मनात आलं नाही.

तीन आठवड्यांनी पहिली मॅच होती. सकाळचे आठ, गवतावर दव, आणि टचलाइनला घडीची खुर्ची टाकून शिस्त समितीतला तो म्हातारा रेफरी बसलेला. मॅचकडे त्याचं लक्ष नव्हतं, दोन्ही टीमच्या बाकांकडे होतं. हाफटाइमला मी जवळ गेलो, तर थर्मासमधली कॉफी पुढं करत म्हणाला, "ऑफसाइड चुकलास. दात कसा आहे?"