जशास तसे, पण थोडं सैल: एज सर्व्हरमधली देवाणघेवाण

शेजारच्या दोन मोबाइल टॉवरवर दोन वेगवेगळ्या मालकांचे एज सर्व्हर, म्हणजे वापरकर्त्यांच्या जवळ ठेवलेले संगणक, आहेत. एकावर गर्दी झाली की त्याने दुसऱ्याकडे काम पाठवायचं. मदत मिळाली तर फायदा 5, मदत केली तर वीज आणि वेळ मिळून खर्च 2, असं धरू. एकाच फेरीचा खेळ असेल तर नकार देणंच शहाणपणाचं, आणि दोघंही शून्यावर बसतात. पण उद्या पुन्हा गाठ पडणार असेल तर गणित बदलतं. पुढची फेरी होण्याची शक्यता खर्च भागिले फायदा, म्हणजे 0.4 पेक्षा जास्त असली, तर सहकार्य टिकू शकतं.

म्हणून ‘जशास तसे’: आधी मदत करायची, मग समोरच्याने मागच्या फेरीत जे केलं तेच करायचं. खरी गोची टाइमआउटची, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येण्याची. पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा, वाटेत हरवलं तरी समोरच्याला तो नकारच वाटतो, तो बदला घेतो, मग हा घेतो, आणि ही उणीदुणी थांबतच नाहीत. उपाय एकच: काही नकार माफ करा. किती? पुढच्या फेरीची शक्यता 0.8 असेल तर माफीचं प्रमाण 50 टक्क्यांच्या आत हवं. त्यावर गेलात की फुकटे सोकावतात.

लोकांच्या संगणकांमध्ये थेट फाइल वाटणारी बिटटॉरेंट ही पद्धत हेच करते: दर 30 सेकंदांनी एखाद्या पिअरला, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या संगणकाला, हिशेब न बघता संधी. मात्र नवी ओळख फुकट मिळत असेल तर बदनाम नोड (जाळ्यातला सर्व्हर) नाव बदलून परत येतो. त्यामुळे नवख्याला सुरुवातीला छोटीच कामं द्या. आणि सर्व्हर बंद करण्याची तारीख आधी जाहीर करू नका. शेवटची फेरी कळली की तिच्यात नकार ठरलेला, मग तिच्या आधीच्या फेरीतही, असं सहकार्य मागून उसवत येतं.