गाढव आणि महालक्ष्मीची आण

आमच्या सोसायटीच्या कुंपणभिंतीवर बरीच वर्षं एक गाढव होतं. काळ्या ऑइलपेंटने काढलेलं, कान जरा सशाकडे झुकलेले, आणि खाली अक्षरं : 'येथे लघवी करणारा गाढव आहे.' लघवी थांबली नाही, पण रिक्षावाल्यांची सोय झाली. 'गाढवाच्या भिंतीपाशी सोडा' म्हटलं की बिल्डिंगचं नाव सांगावं लागत नसे.

मला हे गाढव आमच्या पेंटरचं डोकं वाटत होतं. ते निदान आठशे वर्षं जुनं निघालं.

अलिबागकडे आत्याच्या वाडीत जाताना वळणावर एक उभा दगड आहे. कमरेएवढा. शेंदूर थापून थापून त्याचा पार उशीसारखा गोल गोळा झालेला. आत्या येता-जाता त्याला जास्वंद वाहते. एका पावसाळ्यात त्याने कवच सोडलं. तळहाताएवढा शेंदराचा पोपडा खाली पडला आणि आतून एक लांब कान बाहेर आला. मी आणखी थोडं टोकरून पाहिलं. वर चंद्र-सूर्य, मधल्या अक्षरांचं नुसतं खरखरीतपण उरलेलं, आणि खाली गाढव. गाढवाबरोबर एक बाई. पुढचं वर्णन आत्यासमोर करता येईना.

याला गद्धेगाळ म्हणतात. शिळाहार राजांच्या काळात कोकणात असे बरेच दगड उभे राहिले. राजाने कुणाला जमीन दान दिली, की ती पुढे कुणी हिसकावू नये म्हणून हा दगड रोवायचा. चंद्र-सूर्य म्हणजे मुदत : ते आकाशात आहेत तोवर दान चालू. मधला लेख म्हणजे सातबारा. आणि गाढव कशाला, तर सातबारा वाचता न येणाऱ्यांसाठी. जो हे मोडेल त्याच्या आईचं काय होईल, ते चित्रात स्पष्ट. बांध कोरणार मुलगा आणि शिक्षा आईला, हा न्याय तेव्हाही कुणाला खटकला नसावा. आपल्या आजच्या शिव्या तरी कुठे वेगळ्या आहेत!

परळला सापडलेला अपरादित्य राजाचा एक लेख आहे, शके ११०८ चा, म्हणजे इ.स. ११८७. सगळा संस्कृतात, पण धमकी द्यायची वेळ आली तशी भाषा एकदम मराठीवर येते : 'अथ तु जो कोणुहुवि ए शासन लोपी...' जो कोणी हे शासन मोडेल त्याच्यावर सहकुटुंब वैद्यनाथ देवाचा भाला पडो, आणि मग गाढव. म्हणजे राजालाही एकट्या देवाचा भरवसा वाटला नाही. दानाला संस्कृत, शिवीला मराठी, ही वाटणी मला फारच ओळखीची वाटते. बँकेतलं बोलणं इंग्रजीत करून पार्किंगवरून मातृभाषेत भांडणारी माणसं आमच्याच मजल्यावर राहतात.

आत्याच्या वाडीपासून जवळच, अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर, आक्षीचा शिलालेख आहे. शके ९३४, इ.स. १०१२ : मराठीतला सर्वात जुना म्हणून आता त्याचं नाव घेतात. कितीतरी वर्षं तो रस्त्याच्या कडेला तसाच होता, एसटी त्याच्या अंगावर धूळ उडवत जायची. त्यात 'पसीमसमुद्राधीपती' केसीदेवराय आहे, त्याचा प्रधान भइर्जु सेणुई आहे आणि देवीच्या बोडणाच्या पूजेसाठी दिलेलं नऊ कुवली (जुनं माप) धान्य आहे. एवढा पश्चिम समुद्राचा मालक, आणि हिशेब नऊ कुवल्यांचा! त्यावरही शेवटी शपथ : 'महालषुमीची आण.'

आत्याला मी अखेर दगडाचं सांगितलं, शक्य तितकं सभ्य करून. तिने पदर तोंडाशी धरला. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "अगं, मग आपल्या कुंपणाच्या कोपऱ्यावर एखादा बसवता येईल का? तो पलीकडचा दरवर्षी हातभर आत येतोय." दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावर जास्वंद होतीच.

इकडे आमच्या सोसायटीने मागच्या वर्षी भिंत रंगवताना गाढव पुसलं. कमिटीने ठराव करून त्या जागी देवांच्या टाइल्स बसवल्या : गणपती, साईबाबा, मक्का-मदिना, क्रूस, आणि मधोमध महालक्ष्मी. लघवी खरंच थांबली. आता तिथे मंगळवारी झेंडूची माळ दिसते आणि उदबत्तीची काडी टाइलच्या फटीत खोचलेली असते.

परवा रात्री पावसातून घरी येताना रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, "ताई, कुठे थांबवू? देवीच्या भिंतीपाशी ना?"

म्हटलं, "हो, तिथेच. पूर्वी गाढव होतं तिथे."